अमेरिकेत न्यू डीलमध्ये (१९३० च्या दशकातल्या महामंदीवर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आणलेल्या योजनांमध्ये) शेतकऱ्यांना पीक न घेण्याचे पैसे का दिले?

भाव चढावेत म्हणून. मंदीत माल पडून होता. मे १९३३ च्या कायद्याने कापूस, गहू, तंबाखू, डुकरं यांचं उत्पादन घटवणाऱ्याला सरकार पैसे देऊ लागलं. ते यायचे गिरण्यांसारख्या प्रक्रिया उद्योगांवरच्या करातून. कायदा झाला तोवर कापूस पेरून झाला होता, म्हणून सुमारे १ कोटी एकर उभं पीक नांगरलं. ६० लाख डुकरंही मारली. लोक उपाशी असताना हे चाललंय म्हणून बोंब झाली, ती रास्तच. पण खरी गोम पुढे आहे: पैसे जमीनमालकाच्या हाती पडत. दक्षिणेत अनेकांनी बटाईदारांचा वाटा दाबला, रान पडीक टाकून त्यांना हाकललं. जानेवारी १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही योजना घटनाबाह्य ठरवली; दोन महिन्यांच्या आतच मृदसंधारणाच्या नावाने मदत पुन्हा सुरू झाली.