वाचकांचे प्रश्न : आरतीचा मिक्स लाल का होतो?

प्रश्न : चतुर्थीसाठी आमच्या मंडळाची घुमट आरती रेकॉर्ड केली. घुमट (मातीच्या मडक्याचे चर्मवाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), कासाळे (झांजा), हार्मोनियम आणि गाणारे सहाजण. एकही ट्रॅक लाल होत नाही, तरी मास्टरवर लाल दिवा लागतो. लिमिटर (ठराविक पातळीवरची टोके दाबणारे साधन) लावून फाईल पाठवली, ती मास्टरिंगवाल्यांनी (मिक्सवर शेवटचा हात फिरवणाऱ्यांनी) परत केली. मास्टर फेडर (पातळी कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढला तर भागेल का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मास्टरवर सगळ्या ट्रॅकची बेरीज होते, आणि ती मर्यादेबाहेर गेली की लाल दिवा लागतो. सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज मिळाले की पातळी साधारण ३ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचे माप) वाढते, आणि तोच आवाज दोन ट्रॅकवर असेल तर ६ डीबीने. आरतीत घुमट, शामेळ, कासाळे समेवर एकदम पडतात, म्हणून दिवा बहुधा तिथेच लागतो.

बहुतेक सॉफ्टवेअर आतला हिशेब ३२ बिट फ्लोटमध्ये करतात, त्यात मर्यादेबाहेरची पातळीही कापली जात नाही, त्यामुळे फेडर ओढून फाईल वाचते खरी. पण मास्टरवरचे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) बहुधा फेडरच्या आधी असतात आणि त्यांच्यात जादा पातळी शिरून आवाज फाटू शकतो. त्यापेक्षा सगळे ट्रॅक एकत्र निवडून ६ डीबी खाली आणा. व्हॉल्यूम ऑटोमेशन (फेडरची आधी नोंदवून ठेवलेली हालचाल) असेल तर फेडर पुन्हा जागेवर जातात. तिथे प्रत्येक ट्रॅकच्या प्लगइन-साखळीत शेवटी गेन प्लगइन (फक्त पातळी बदलणारा) लावा. तो सुरुवातीला लावू नका, कॉम्प्रेसरला (जोरदार आवाज दाबणाऱ्या प्लगइनला) मिळणारी पातळी बदलून सगळा तोल बिघडतो.

आता लय चढते तो शेवटचा भाग वाजवा. ट्रू पीक मीटरवर सर्वांत उंच टोक उणे ६ ते उणे ३ डीबीच्या दरम्यान हवे (शून्य ही कमाल मर्यादा). साधा मीटर दोन सॅम्पलच्या (आवाजाच्या सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या मापांच्या) मधले टोक दाखवत नाही, ट्रू पीक मीटर दाखवतो. आवाज बारीक वाटेल, वाटू दे. २४ बिटमध्ये ६ डीबी म्हणजे जेमतेम एक बिट, दर्जात फरक जाणवत नाही. मोठा करण्याचे काम मास्टरिंगचे.

लिमिटर काढाच. त्याचा परिणाम आवडत असेल तर ती फाईल नमुना म्हणून वेगळी द्या. मुख्य फाईल वेव्ह, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच, नॉर्मलाईझ (फाईलची पातळी आपोआप बदलणारा पर्याय) बंद.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. घुमटाचा मूळ ट्रॅक स्क्रीनवर मोठा करून पाहा. लाटांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसले तर क्लिपिंग (मर्यादेबाहेरची टोके कापली जाणे) रेकॉर्डिंगच्या वेळीच झाले आहे, आणि कुठलाही फेडर ते परत आणणार नाही. डीक्लिप प्लगइन एखाद-दुसरा ठोका सावरतो, अख्खी आरती नाही. घुमट पुन्हा रेकॉर्ड करा : माईक उघड्या तोंडासमोरून बाजूला सरकवा, तिथून हवेचा धक्का थेट बसतो, आणि सर्वांत जोरदार थाप उणे १२ डीबीच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवा.