भाचीचं नाव जाळ्यात जाईल का?

प्रश्न : माझी भाची शिकागोत एम.एस. करते. टोळ्यांतली पोरं कोण कुणाबरोबर असतात याचं जाळं कॉम्प्युटरवर काढून पोलीस त्यांच्या मागावर राहायचे, असं ती सांगत होती. तिच्या ओळखीचं कुणी त्यात निघालं तर हिचंही नाव जाईल का? – एक मामा, सातारा

उत्तर : मामा, नुसत्या ओळखीने नाही. त्या जाळ्यात दोघांमध्ये रेघ पडायची ती एकाच गुन्ह्यात दोघांना अटक झाली तर. शेजारी बसून डबा खाल्ला म्हणून नव्हे.

अशा जाळ्याचा उपयोग काय, ते आमच्या सोसायटीवरून सांगतो. इथे ए विंगची एक भिशी आणि बी विंगची एक. दोन्हींत आहे ती फक्त माझी बायको. ती माहेरी गेली की ए विंगमधलं भांडण बी विंगला कळतच नाही. ओळखी सेक्रेटरींच्या जास्त, पण दुवा ही. (हे छापून आल्यावर मला चहा मिळेल का, शंकाच आहे.) टोळ्यांतही कधी कधी म्होरक्यापेक्षा असा दोन्हीकडे ऊठबस असलेला पोरगा महत्त्वाचा ठरतो.

मी तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण मला हलवून गेला तो आकडा वेगळाच. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्या १,३८,१६३ जणांचं जाळं तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष छापले. २००६ ते २०१४ या काळात त्या जाळ्यात गोळी लागण्याच्या ११,१२३ घटना होत्या. त्यातल्या ६३ टक्के साथीच्या रोगासारख्या एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या दिसल्या. ज्याच्याशी रेघ जोडलेली त्याला गोळी लागली की सरासरी १२५ दिवसांनी याला. म्हणजे हाताशी चार महिने! तेवढ्यात त्या पोराच्या दारात कुणीतरी जायला हवं, आणि बेड्या घेऊन नव्हे.

तिथल्या पोलिसांनी अशा जाळ्याच्या आधारे, गोळीबारात सापडण्याची जोखीम असलेल्या माणसांची यादी केली होती. आधी शे-चारशे नावं, पुढे जवळपास ४ लाख. सुरुवातीच्या ४२६ जणांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की यादीत असल्याने त्यांचा धोका कमी झाला नव्हता. गोळीबाराच्या प्रकरणात अटक होण्याची शक्यता मात्र वाढली होती. ज्यांना वाचवायचं, तेच संशयित होऊन बसले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती यादी गुंडाळली. तेव्हा भाचीचं नाव जायला ती यादीच आता उरलेली नाही.