पिंपळाआडचे टोमॅटो

प्रश्न : आमची गॅलरी पूर्वेला आहे आणि समोरच पिंपळ. सकाळी आठपासून एकपर्यंत ऊन त्याच्या पानांतून येतं, सारखी ऊन-सावली. गच्चीवरच्या टोमॅटोला भरघोस फळं लागली, गॅलरीतल्या रोपाला जेमतेम चार. पाणी-खत दोन्हीकडे सारखंच. पाच तास ऊन मिळूनही असं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. पिंपळ बराच उजेड अडवतो, हे एक कारण. पण जो पोचतो, तोही पानाला पुरता वापरता येत नाही. मी प्रयोगशाळेत नेमक्या याच वाया जाणाऱ्या मिनिटांवर काम करते.

आम्ही जिवंत पान रोपावरच एका छोट्या डबीत धरतो आणि ते हवेतला किती कार्बन डायऑक्साइड घेतंय ते मोजतो. अर्धा तास सावलीत असलेल्या पानावर एकदम दिवा लावला, तरी पडद्यावरची रेघ ताडकन वर जात नाही. वेताळ टेकडी चढावी तशी दमादमानं चढते. पूर्ण वेग यायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, कारण कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर हळूहळू कामाला लागतं आणि पर्णरंध्रं तर त्याहूनही सावकाश उघडतात. तुमच्याकडे तेवढ्यात ऊन सरकलेलं असतं.

सावली आली की दुसरा तोटा सुरू होतो. कडक उन्हात न पेलणारा उजेड पान उष्णतेच्या रूपानं टाकून देतं. त्यासाठी व्हायोलाझॅन्थिन या पिवळ्या रंगद्रव्याचं झियाझॅन्थिन होतं. हा बचाव हवाच, नाहीतर पान पोळेल. पण ऊन गेल्यावर तो लगेच आवरत नाही. उजेड मुळात कमी, तरी पान काही मिनिटं तो टाकतच राहतं.

इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीफन लाँग यांच्या गटानं तंबाखूत तीन जनुकांचं काम वाढवून हा बचाव लवकर आवरता येतो, हे २०१६ मध्ये दाखवलं. शेतातल्या रोपांचं कोरडं वजन सुमारे १५ टक्के जास्त भरलं. पुढे सोयाबीनमध्येही एका हंगामात दाण्याचं उत्पन्न वाढलं. दुसऱ्या हंगामात पीक लोळलं आणि फरक उरला नाही. मी त्या दुसऱ्या हंगामाचा विचार जास्त करते. आपलं सोयाबीन श्रावणातल्या ढगांखालीच वाढतं, वारा-पाऊसही त्याला चुकत नाही.

टोमॅटो गच्चीवर न्या. सलग ऊन त्याला मानवतं. गॅलरीत अळू किंवा विड्याचा वेल लावा; त्यांना विरळ सावली चालते. त्याआधी एका सकाळी घड्याळ घेऊन बसा आणि एकाच पानावर उन्हाचा कवडसा किती सेकंद टिकतो, ते लिहून मला कळवा. पिंपळाचं पान जराशा झुळकीनंही हलतं, म्हणून तुमचे आकडे मला खरोखर हवे आहेत.