पाच घरची वारी

सोनू,

काल रात्री जेवताना तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी दिलं नाही. "आधी जेवून घे," एवढंच म्हणालो. तू गप्प बसलीस, आणि मग मला रात्रभर चैन पडलं नाही. म्हणून लिहितोय. मराठी वाचायला जड गेलं तर आईला वाचून दाखवायला सांग.

तुझ्या बाईंनी प्रत्येकाला घरची एक हिवाळ्यातल्या सणाची गोष्ट आणायला सांगितली. मी विचार न करता खंडोबाची निवडली. चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते, ऐन थंडीत, आणि माझ्या लहानपणी आमच्या घरात दिवाळीइतकीच तिची वाट पाहिली जायची. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य, त्यांनी ऋषींचा मांडलेला छळ, सहा दिवसांची लढाई, घोड्यावरचा खंडोबा, बरोबर त्याचा कुत्रा. कुत्रा आला तेव्हा तू खुर्चीवर पाय घेऊन बसलीस, मला वाटलं जमली गोष्ट. आणि संपल्यावर तू म्हणालीस, "बाबा, संत मार्टिनकडे पण घोडा आणि तलवार होती. त्याने तलवारीने स्वतःचा झगा कापला आणि अर्धा भिकाऱ्याला दिला. आपल्या देवाने तलवारीने फक्त मारलंच का?"

मला लागलं ते. तू चुकीचं विचारलंस म्हणून नाही. मी चाळीस वर्षांचा झालो आणि मला हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं, म्हणून.

नोव्हेंबरात तुझ्या शाळेच्या कंदील-मिरवणुकीला मी आलो होतो, आठवतं? डुसेलडॉर्फमधला तो भुरभुर पाऊस, पुढे खऱ्या घोड्यावर लाल झगा घातलेला मार्टिन, मागे तुम्ही सगळी कागदी कंदील सांभाळत गाणी म्हणत चाललेली. रोमन सैन्यातला शिपाई, फ्रान्समधल्या आमियां गावाच्या वेशीपाशी कुडकुडणारा माणूस, आणि कापलेला झगा. गोष्ट एवढीशी आहे, पण तिच्यात काही लपवावं लागत नाही. शेवटी तुला वेकमान मिळाला, मनुक्यांच्या डोळ्यांचा आणि तोंडात पांढरी चिलीम धरलेला तो पावाचा माणूस. तू तो मधोमध मोडून पायांकडचा भाग मला दिलास. मार्टिनची गोष्ट तुला कळलीये, हे मला तिथेच कळलं होतं.

आज सकाळी मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, घोडा कुणाचा ते सांगितलंस का तिला?" मी विसरलोच होतो. हरल्यावर मणी शरण आला, त्याने क्षमा मागितली आणि आपला पांढरा घोडा खंडोबाला दिला. ज्या घोड्यावर आपण खंडोबा बघतो तो मणीचा. म्हणून तर खंडोबाजवळ मणीलाही जागा मिळाली. आणि मल्हारी या नावातच मल्ल आहे: मल्लाचा अरी, म्हणजे शत्रू, तो मल्हारी. आपण जयजयकार करतो तेव्हा हरलेल्याचं नाव आधी तोंडात येतं. तेव्हा आपल्या गोष्टीतही कुणीतरी काहीतरी दिलंय. पण ते हरलेल्याने दिलंय, मरता मरता, हे मला अजून खुपतं. आठ वर्षांच्या मुलांना ते कसं सांगायचं, मला खरंच जमत नाही.

मला जे सांगता येतं ते वेगळं आहे, आणि ते कुठल्या पोथीत असेल असं नाही.

मी तिसरीत होतो, तुझ्याएवढाच. सासवडच्या घरात तेव्हा माई होती, तुझी पणजी. चातुर्मासात ती वांगं घरात येऊ द्यायची नाही. चंपाषष्ठीला पहिलं वांगं. चुलीच्या निखाऱ्यात ती मोठाली वांगी खुपसायची, साल तडतडून फाटलं की बाहेर काढायची आणि बोटं पाण्यात बुडवून बुडवून साल सोलायची. त्या गरात पातीचा कांदा, लसूण, मीठ. बाजरीच्या भाकरीचा ढीग. नाना आणि चार काका ताम्हणाला हात लावून तळी उचलायचे, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत, आणि भंडारा उधळला की आम्हा मुलांचे केस, कॉलर, कान सगळं पिवळं.

पण जेवण त्यानंतर नाही. त्याआधी वारी मागायची, म्हणजे खंडोबाच्या नावाने दारोदार भिक्षा. देवघरातला कोटंबा, म्हणजे भिक्षेचं लाकडी भांडं, तेलाने आणि हळदीने काळपिवळा झालेला, माईने त्या वर्षी माझ्या हातात दिला. "पाच घरं. वारी खंडोबाची म्हणायचं आणि दारात उभं राहायचं. काय देतील ते घ्यायचं, नको म्हणायचं नाही."

आमच्या घरात खायला भरपूर होतं. वास अंगणापर्यंत येत होता. तरी मी रिकामं भांडं घेऊन लोकांच्या दारात उभा. तिसरं घर माझ्या वर्गातल्या मुलाचं होतं आणि दार त्यानेच उघडलं. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. तो आत पळाला, मला वाटलं हसायला गेला. तो आईला घेऊन आला, आणि त्या माउलीने भाकरीचा चतकोर कोटंब्यात ठेवून कोटंब्याला हात लावून नमस्कार केला. मला नाही, कोटंब्याला. पण तो माझ्या हातात होता. घरी आल्यावर माईने पाच घरचे तुकडे एकत्र कुस्करले आणि पहिला घास सगळ्यांना त्याचा दिला. आमची भाकरी नंतर.

माईने का पाठवलं, हे तिने कधी सांगितलं नाही. तिला विचारलं असतं तर "आपल्यात करतात" म्हणाली असती. मला तेव्हा राग आला होता, आणि आजही तुला तसं कुणाच्या दारात उभं करायची माझी छाती होणार नाही. पण काल तू विचारल्यापासून मला तोच चतकोर दिसतोय. मार्टिनच्या गोष्टीत आपण घोड्यावर बसलेलो असतो. वारीत मी वेशीपाशी उभा असलेला माणूस होतो. माझ्या पोटात भूक नव्हती, तरी दार उघडेपर्यंत काय वाटतं ते मला माहीत आहे. तूही नोव्हेंबरात कंदील घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडलीस. एका घरात दिवा असून कुणी दार उघडलं नाही, तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. त्याच्याबद्दल आपण काही बोललो नाही.

सोमवारी कुठली गोष्ट सांगायची ते तू ठरव. मणी-मल्लाची नको असेल तर नको, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे थोडं वाटेल, पण ते माझं मी बघेन. मार्टिनचीच सांगायची असेल तर तीही आता तुझ्याच घरची आहे. आणि वारीची सांगायची असेल तर वर्गमित्राचं दार सोडू नकोस, तेवढं सांग.

कोटंबा आत्याकडे आहे. तिने फोटो पाठवलाय, तो छापून तुझ्या दप्तरात ठेवलाय. वांगी आणली आहेत. इथे चूल नाही, गॅसच्या आचेवर भाजू. साल सोलायला तू ये, वाटीत पाणी घेऊन ठेवतो.

बाबा