एकच जिना, त्यावर सिलिंडर

प्रश्न : आईचं खुब्याचं ऑपरेशन गावातल्या नर्सिंग होममध्ये ठरलंय. दुसरा मजला, जिना एकच, त्यावर ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर. डॉक्टर म्हणतात, ‘लिफ्ट आहे ना!’ आग लागली तर, या दृष्टीनं काय पाहावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : लिफ्टचं नावच काढू नका, आगीत ती वापरायची नसते. ऑपरेशन झालेल्या माणसाला जिन्यावरून उतरवायला तीन-चार माणसं लागतात, धूर तेवढा वेळ देत नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) रुग्णाला आधी त्याच मजल्यावर, अग्निरोधक दरवाजापलीकडे हलवायला सांगते. तो दरवाजा वीट लावून उघडा ठेवलेला असेल, तर असून नसल्यासारखा. जिना दोन मीटर रुंद हवा. टेप घेऊन जा, लाजताय कशाला? ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखलाही मागा, राज्याच्या २००६च्या कायद्यानुसार तो दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करावा लागतो. पण कागदावर भुलू नका. जानेवारी २०२१मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० बाळं गेली, ती मध्यरात्रीनंतर. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरला एकदा विचाराच, ‘मेन स्विच कुठंय?’ ती अडखळली, तर दुसरं हॉस्पिटल बघा.