इंडोनेशियन विद्यार्थी परीक्षा 'फॉलो' का करतात

जाकार्तातले तुमचे विद्यार्थी 'आय फॉलोड द एक्झाम' लिहितात, जेवायला निघालं की 'कॅन आय फॉलो यू?' विचारतात, आणि फॉलोचा अर्थ दहादा सांगूनही पुन्हा तेच, असं तुम्ही म्हणता. मी बांडुंगमध्ये शिकवायला लागले तेव्हा पहिलं वर्ष माझंही असंच गेलं. माझं ऐका, अर्थ सांगणं आता थांबवा. फॉलोचा अर्थ त्यांना येतो. घोळ होतो तो त्यांच्या 'इकुत' या शब्दामुळे, आणि तो आधी तुम्हाला ओळखीचा व्हायला हवा.

इकुत म्हणजे बरोबर येणं, सामील होणं. दुपारी चौघं जेवायला निघाले की एकजण मागे वळून विचारतो, 'माउ इकुत?' म्हणजे, येतोस का? यात कुणी कुणाच्या मागून चालत नसतं, सगळे बरोबरच असतात. याच इकुतपासून 'मंगिकुती' हे क्रियापद होतं, आणि ते परीक्षेला चालतं, कोर्सला चालतं, मीटिंगला, स्पर्धेलाही. शब्दकोशात मात्र त्याच्यापुढे फॉलो दिलेलं असतं. इन्स्टाग्रामवर फॉलोच्या बटणावर इंडोनेशियनमध्ये 'इकुती' असतं, त्यामुळे मुलांच्या डोक्यात ही जोडी घट्ट बसलेली असते.

आपणही 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतोच की, कारण मराठीत परीक्षा 'देतात'. ते परीक्षेत सामील होतात, आपण ती देतो, इंग्रज ती 'टेक' करतो. मी हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगते. बाईंची भाषाही असंच करते हे कळलं की मुलं मोकळेपणाने बोलायला लागतात.

माझे स्वतःचे डोळे उघडले ते एका ईमेलमुळे. एका विद्यार्थिनीच्या परदेशी सहकाऱ्याची आई गेली होती. तिने लिहिलं होतं, 'आय फॉलो युवर सॅडनेस.' मनात होतं 'साया इकुत बर्दुका'. यातलं 'दुका' म्हणजे आपलं दुःखच, संस्कृतातून गेलेलं. आणि पूर्ण वाक्य म्हणजे थेट आपलं 'तुमच्या दुःखात सहभागी आहे'. मी तिला 'आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस' लिहायला सांगितलं, तर ती गोंधळून म्हणाली, पण सॉरी का? मी काय केलं? तिला माफी मागायची नव्हती, त्याच्याबरोबर उभं राहायचं होतं. इकुतमधलं हे 'बरोबर असणं' फॉलोमध्ये नाहीच. फॉलोमध्ये कुणीतरी पुढे असतं आणि कुणीतरी मागे.

म्हणून फॉलो एकटं शिकवू नका. मुलांना इकुत आणि मंगिकुतीची रोजची दहा वाक्यं त्यांच्या भाषेत लिहू द्या, आणि पुढे कोणतं नाम येतं त्याखाली रेघ मारायला सांगा. क्रियापद त्या नामासकट पाठ होऊ दे: टेक ॲन एक्झाम, टेक अ कोर्स, अटेंड अ मीटिंग, एंटर अ कॉम्पिटिशन. पुढे माणूस आला की जॉइन किंवा कम विथ. नियम, सूचना, बातम्या, कुणाची पावलं, इथे फॉलो बरोबरच आहे, हेही आवर्जून सांगा. मी ते सांगायला विसरले होते, तर मुलं फॉलोला इतकी घाबरली की 'जॉइन द रूल्स' लिहायला लागली.

काळाची चूक मात्र त्याच वेळी काढू नका. इंडोनेशियन क्रियापद काळानुसार बदलत नाही, 'कमारिन', म्हणजे काल, एवढं म्हटलं की काम भागतं. त्यामुळे 'यस्टरडे आय फॉलो मीटिंग' असं वाक्य येणारच. आधी 'अटेंड' बसू दे, 'अटेंडेड' पुढच्या आठवड्यात घ्या.

सुरुवात जेवणाच्या प्रसंगानेच करा. दुपारी बाराला ते एकमेकांना 'माउ इकुत?' विचारतातच, तिथेच लगेच 'वाँट टु जॉइन अस?' म्हणायला लावा.