उसाच्या रानातील गृहप्रकल्प आणि ओढ्याचे पाणी

प्रश्न : कोल्हापूर शहरालगतच्या आमच्या गावात सोळा एकर उसाच्या रानात ४८० सदनिकांचा गृहप्रकल्प येऊ घातला आहे. नकाशे दोन टप्प्यांत केले असून प्रत्येक टप्पा १८,००० चौरस मीटरचा असल्याने पर्यावरण मंजुरीची गरज नाही, असे विकसकाचे प्रतिनिधी सांगतात. जागा पूररेषेबाहेर असल्याचा दाखलाही त्यांनी दाखवला. मात्र रानातून जाणारा ओढा पुढे पंचगंगेला मिळतो आणि २०१९ व २०२१ साली त्याचे पाणी आमच्या गल्लीत शिरले होते. सध्या डंपरने मुरूम आणून भराव टाकणे सुरू आहे. आम्ही काय तपासावे?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत तातडीचे वाक्य मुरमाविषयीचे आहे आणि नेमके तेच आपण शेवटी लिहिले आहे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तेथे ती मिळण्यापूर्वी जागा सुरक्षित करण्यापलीकडे कोणतेही काम, अगदी जमीन तयार करण्याचे कामसुद्धा, करता येत नाही. शिवाय एकदा भराव बसला की ओढ्याचा मूळ काठ कोठे होता, हे सिद्ध करणे फार अवघड होते. तेव्हा तारखेसह छायाचित्रे आजच काढा, भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या आणि मुरमाचा वाहतूक परवाना आहे का, याची तहसीलदारांकडे लेखी विचारणा करा.

आता क्षेत्रफळाविषयी. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यमापन प्राधिकरणाची मंजुरी लागते. हे क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र (नकाशा मंजुरीच्या नियमांनुसार मोजले जाणारे बांधकाम) नव्हे. सर्व मजल्यांवरील आच्छादित बांधकाम, तळघर आणि इतर सेवांसाठीची जागा यांची ती बेरीज असते. आपल्याला सांगितलेला १८,००० हा आकडा चटई क्षेत्राचा असेल, तर आच्छादित वाहनतळ धरल्यावर एकटा पहिला टप्पाच मर्यादा ओलांडण्याची शक्यता आहे. आणि दोन्ही टप्प्यांचा प्रवेशरस्ता, सांडपाणी प्रक्रिया केंद्र व जाहिरात एकच असेल, तर ३६,००० चौरस मीटरचा एकच प्रकल्प म्हणून त्याकडे पाहावे, हा आपला मुद्दा भक्कम ठरतो. कागदावर रेघ मारली म्हणून सांडपाणी काही दोन गावांना जात नाही.

पूररेषेच्या दाखल्याने निश्चिंत होऊ नये. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. या दोन्ही रेषा नदीच्या पुरासाठी आखलेल्या असतात. आपल्या गल्लीत पाणी आले ते ओढ्याच्या वाटेने. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि आपण लिहिलेल्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. नदी एवढी चढल्यावर ओढ्याचे पाणी पुढे सरकत नाही, उलट फूग मारून मागे पसरते. अशा वेळी ते जेथे विसावते ते सखल रानच भरावाने उंच केले, तर तेवढेच पाणी शेजारच्या वस्तीत जागा शोधणार. म्हणून भरावापूर्वीची व नंतरची समपातळी (जमिनीची उंची), ओढ्याचा छेद (रुंदी व खोली) आणि खालच्या मोरीची, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्याच्या वाटेची, वहनक्षमता यांचा हिशेब मागणे हा मूल्यमापनाचा गाभा आहे.

या हिशेबाला मोठे गणित लागत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपरे, रस्ते व फरशा मिळून ४०,००० चौरस मीटर जागा झाकली गेली आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २० लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर, त्या तासात त्या जागेवर पडतात. उसाचे रान यातला काही भाग मुरवून घेत होते. फरशी तो घेणार नाही. सांडपाण्याचेही तसेच : घरटी पाच माणसे व माणशी १३५ लिटर धरल्यास रोज ३,२४,००० लिटर पाणी लागेल आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे २,६०,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. प्रक्रिया केलेले पाणी बागेला वापरू, असे अहवालात हमखास लिहिलेले असते. आषाढात बागेला पाणी कोण घालतो, हे अवश्य विचारा.

धूळ, आवाज, झाडे यांचे प्रश्न गौण नाहीत, परंतु त्यांवर अटी घालता येतात; बुजलेला ओढा मात्र अटींनी उघडत नाही.

अशा बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले असल्याने आपले म्हणणे मांडायला कोणी बोलावील, याची वाट पाहू नये. मंजुरीसाठी अर्ज झाला असल्यास त्याची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर पाहता येतात. नकाशांच्या प्रती माहिती अधिकारात मागता येतात. लेखी हरकत नकाशा मंजूर करणाऱ्या यंत्रणेकडे व राज्य प्राधिकरणाकडे एकाच वेळी द्यावी. मंजुरी दिली गेल्यास तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते. पुरेसे कारण दाखवल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते.

पाहणीसाठी अधिकारी आलेच, तर त्यांना रस्त्यावरून परत पाठवू नका, मोरीपर्यंत चालत न्या. तेथील भिंतीवर २०२१ च्या गाळाची रेघ अजून दिसत असेल, तर तिची रस्त्यापासूनची उंची त्यांच्यासमक्ष टेपने मोजा आणि पंचनाम्यात नोंदवून घ्या.